'सेंद्रिय' म्हणजे काय, आणि ते ठरवायचे कोणी?

सेंद्रिय मालाच्या प्रमाणपत्राविषयी शेतकरी, गृहउद्योजक आणि ग्राहक यांच्यासाठी काही माहिती

बाजारपेठेत, चर्चच्या आवारात भरणाऱ्या बचत गटांच्या विक्रीत आणि शहरातील मोठ्या दुकानांत आज एक शब्द वारंवार वाचावयास मिळतो, तो म्हणजे 'सेंद्रिय'. तांदूळ सेंद्रिय, गूळ सेंद्रिय, हळद सेंद्रिय, इतकेच काय पण लोणचे आणि सुकेळीदेखील सेंद्रिय! हा शब्द लागला की मालाची किंमत वाढते आणि ग्राहकही ती फारशी कुरकुर न करता मोजतो. आपल्या मुलाबाळांच्या पोटात विषारी द्रव्ये जाऊ नयेत, एवढीच त्याची साधी इच्छा असते.

परंतु दोन वांगी शेजारी ठेवली, तर त्यांपैकी कोणत्या वांग्यावर कीटकनाशक फवारले होते, हे डोळ्यांना दिसत नाही. जिभेलाही ते कळतेच असे नाही. गिऱ्हाईक शेतात हजर नसते. पीक कसे वाढले हे फक्त पिकविणाराच जाणतो. म्हणून हा शब्द खरा असल्याची साक्ष कोणीतरी द्यावी लागते. त्या साक्षीच्या व्यवस्थेलाच प्रमाणन असे म्हणतात. ही साक्ष खोटी निघाली तर दोघांचे नुकसान होते. ग्राहकाचा पैसा जातो; आणि ज्या शेतकऱ्याने दोन-तीन वर्षे कमी उत्पन्न सोसून जमीन सुधारली, त्याचा माल लबाडाच्या मालाच्या रांगेत, त्याच भावाने विकला जातो. दुसरे नुकसान आम्हांस अधिक गंभीर वाटते, कारण त्यामुळे प्रामाणिक माणसाची उमेदच खचते.

आमच्या वाचकांत वाडी-शेती करणारे बांधव आहेत, घरगुती पदार्थ बनवून विकणाऱ्या भगिनी आहेत, आणि सर्वांत अधिक संख्या अर्थातच ग्राहकांची आहे. या तिघांनाही उपयोगी पडेल अशी माहिती या लेखात देण्याचा आमचा प्रयत्न आहे.

थोडा इतिहास

सेंद्रिय शेती ही कल्पना परदेशातून आली असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती थोडी वेगळी आहे. सर आल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज कृषिशास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथील संशोधन संस्थेत कार्यरत होते. भारतीय शेतकऱ्यांच्या रीती बारकाईने पाहून त्यांनी कंपोस्ट खत तयार करण्याची 'इंदूर पद्धत' मांडली. १९४० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथामुळे इंग्लंड-अमेरिकेतील सेंद्रिय चळवळीला चालना मिळाली. १९४६ साली ब्रिटनमध्ये 'सॉइल असोसिएशन' स्थापन झाली आणि १९७२ साली फ्रान्समधील व्हर्साय येथे सेंद्रिय चळवळींचा आंतरराष्ट्रीय महासंघ, म्हणजेच 'आयफोम', अस्तित्वात आला.

आरंभी हा व्यवहार ओळखीवर चाले. शेतकरी आणि ग्राहक एकमेकांना नावानिशी ओळखत. पुढे माल दूरच्या शहरांत व परदेशांत जाऊ लागला, ओळख तुटली आणि तिची जागा कागदाने घेतली. युरोपने १९९१ साली कायदा केला. अमेरिकेत १९९० साली कायदा झाला व त्याचे नियम २००२ पासून पूर्णपणे लागू झाले. भारतात केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने २००० साली 'राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम' सुरू केला. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास 'एनपीओपी' म्हणतात. निर्यातीचे काम पाहणारी 'अपेडा' ही सरकारी संस्था त्याचा कारभार सांभाळते. हा कार्यक्रम मुख्यत्वे निर्यातीसाठी जन्मला, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. त्याची शिस्त आणि त्याचा खर्च, या दोन्हींचे मूळ तेथेच आहे.

कायदा काय सांगतो?

पुष्कळ वर्षे देशांतर्गत बाजारात 'सेंद्रिय' हा शब्द कोणीही, कशावरही छापू शकत असे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने, म्हणजे 'एफएसएसएआय'ने, २०१७ साली सेंद्रिय अन्नासंबंधी स्वतंत्र विनियम काढले आणि १ जुलै २०१८ पासून ते लागू झाले. तेव्हापासून सेंद्रिय म्हणून विकल्या जाणाऱ्या अन्नपदार्थास दोहोंपैकी एका व्यवस्थेचे प्रमाणपत्र असावे लागते. पहिली व्यवस्था म्हणजे वर सांगितलेली एनपीओपी, आणि दुसरी म्हणजे केंद्रीय कृषी मंत्रालयाची 'पीजीएस-इंडिया', अर्थात सहभाग हमी पद्धती. या दोन्ही प्रकारच्या मालावर ग्राहकास ओळखता यावे म्हणून 'जैविक भारत' हे समान बोधचिन्ह ठरविण्यात आले आहे.

या नियमास एक महत्त्वाचा अपवाद आहे. जो लहान शेतकरी किंवा शेतकऱ्यांची उत्पादक संस्था स्वतः पिकविलेला माल थेट ग्राहकाच्या हाती विकते, तिला प्रमाणपत्राच्या सक्तीतून सूट दिलेली आहे. मात्र अशा मालावर 'जैविक भारत'चे चिन्ह लावता येत नाही, आणि ही सूट प्रक्रिया केलेल्या पदार्थांना नाही. वाडीतील भेंडी स्वतः बाजारात बसून विकणाऱ्या बाईला ही सूट मिळते. तीच भेंडी वाळवून, पाकीटबंद करून 'सेंद्रिय' म्हणून विकू लागली, तर तिला मिळणार नाही.

येथे एका सर्वसाधारण गैरसमजाविषयीही लिहिले पाहिजे. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकविणे हे सर्वच अन्नासाठी बेकायदेशीर आहे. म्हणून 'आमचे आंबे कार्बाइडविना पिकवलेले' असे सांगणारा विक्रेता कायदा पाळत असतो एवढेच. तेवढ्यावरून आंबा सेंद्रिय ठरत नाही. तसेच भौगोलिक मानांकनाचे. कोकणातील हापूसला २०१८ साली असे मानांकन मिळाले. तो आंबा कोठला आहे हे त्यावरून कळते. बागेत काय फवारले होते, हे त्यावरून कळत नाही.

पहिली वाट : तिऱ्हाइताची तपासणी

एनपीओपीखाली शासनमान्य प्रमाणन संस्था शेताची तपासणी करते. तिचा शेतकऱ्याशी अथवा खरेदीदाराशी हितसंबंध नसावा, अशी अट आहे. शेतकरी संस्थेकडे अर्ज करतो, त्यासोबत सातबारा उतारा, शेताचा नकाशा, मागील काही वर्षांतील पिकांचा व वापरलेल्या खते-औषधांचा तपशील देतो, आणि करारपत्रावर सही करतो. त्यानंतर निरीक्षक शेतावर येतो. वर्षातून किमान एकदा तपासणी होते. आगाऊ न कळविताही होऊ शकते.

निरीक्षक काय पाहतो? बियाणे कोठून आणले, त्यास रासायनिक लेप होता काय, ते जनुकीय बदल केलेले तर नाही ना, हे तो पाहतो. शेणखत, गांडूळखत, जीवामृत, निंबोळी अर्क यांच्या नोंदी तपासतो. 'सेंद्रिय म्हणजे काहीही फवारायचे नाही' ही समजूत चुकीची आहे. फवारता येणाऱ्या पदार्थांची यादी ठरलेली आहे, आणि ताम्रयुक्त बुरशीनाशकासारख्या काही गोष्टींवर मर्यादा आहेत. शेजारच्या शेतातून औषधाचा फवारा उडून येऊ नये अथवा पाणी वाहत येऊ नये म्हणून बांधालगत मोकळी पट्टी किंवा दाट कुंपण आहे काय, हेही पाहिले जाते. एकच पीक एका तुकड्यात सेंद्रिय आणि दुसऱ्यात रासायनिक पद्धतीने घेण्यावर बंधने आहेत, कारण काढणीनंतर दोन्ही ढीग एक व्हायला वेळ लागत नाही. पेंढी, पोती, कोठार, तराजू या साऱ्यांची पाहणी होते.

सर्वांत कठीण अट आहे ती संक्रमणकाळाची. रासायनिक शेती सोडली म्हणून दुसऱ्याच दिवशी शेत सेंद्रिय होत नाही. भाजीपाला, भात यांसारख्या हंगामी पिकांसाठी पेरणीपूर्वी किमान दोन वर्षे, आणि आंबा, नारळ यांसारख्या बहुवार्षिक झाडांसाठी पहिल्या सेंद्रिय तोडणीपूर्वी किमान तीन वर्षे, नियम पाळावे लागतात. जमीन पूर्वीपासून पडीक होती किंवा रसायनांविना कसली जात होती, असा पुरावा असल्यास प्रमाणन संस्था काही प्रमाणात सवलत देऊ शकते. सामान्य शेतकऱ्यास मात्र हा काळ पूर्ण काढावा लागतो. पहिल्या वर्षाच्या जूनमध्ये नोंदणी केली, तर तिसऱ्या वर्षाच्या जूनमध्ये लावलेली भाजी सेंद्रिय म्हणून विकता येईल. आंब्यासाठी चौथ्या वर्षाच्या जूनपर्यंत थांबावे लागेल, म्हणजे फळ प्रत्यक्षात त्यापुढच्या उन्हाळ्यात हाती येईल. मधल्या काळात उत्पन्न सहसा घटते आणि भाव मात्र नेहमीचाच मिळतो. छोट्या शेतकऱ्याचा धीर येथेच सुटतो.

सर्व नियम पूर्ण झाले की शेतकऱ्यास व्याप्ती प्रमाणपत्र मिळते. कोणत्या गट क्रमांकातील, कोणते पीक, किती क्षेत्रावर, हे त्यात नमूद असते. पुढे माल विकला जातो तेव्हा प्रत्येक व्यवहारासाठी वेगळे व्यवहार प्रमाणपत्र निघते. या साऱ्या नोंदी अपेडाच्या 'ट्रेसनेट' या संगणकीय प्रणालीत जातात. दोन एकरांच्या शेतातून दहा एकरांचा माल बाहेर पडला, तर तो त्या प्रणालीत दिसून यावा, हा हेतू.

एकट्या लहान शेतकऱ्यास हा खर्च झेपत नाही. म्हणून किमान २५ व कमाल ५०० शेतकऱ्यांनी एकत्र येऊन एकच प्रमाणपत्र घेण्याची सोय आहे. गटाचे स्वतःचे निरीक्षक सर्व शेतांची पाहणी करतात आणि बाहेरील संस्था त्यांतील निवडक शेते पुन्हा तपासते. जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एनपीओपीच्या आठव्या आवृत्तीनुसार अशा गटास कायदेशीर अस्तित्व असावे लागते. याआधी पुष्कळ ठिकाणी गट कागदावर शेतकऱ्यांचा आणि प्रत्यक्षात व्यापाऱ्याच्या मुठीत, अशी स्थिती असे. प्रमाणपत्र व्यापाऱ्याच्या हाती, म्हणून शेतकऱ्याने माल दुसरीकडे विकला की तो सेंद्रिय राहत नसे. नव्या नियमाचे महत्त्व यातून कळून यावे.

दुसरी वाट : शेजाऱ्याची हमी

दुसरी व्यवस्था वेगळ्या विचारावर उभी आहे. शेजारचा शेतकरी रात्री काय फवारतो हे बाहेरून वर्षातून एकदा येणाऱ्या निरीक्षकापेक्षा बांधावरच्या शेजाऱ्यास अधिक ठाऊक असते. मग त्याचीच साक्ष का घेऊ नये? फ्रान्समध्ये आणि पुढे ब्राझीलमध्ये लहान शेतकऱ्यांनी ही रीत विकसित केली. २००४ साली ब्राझीलमधील तोरेस येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय बैठकीनंतर तिला जगभर नाव मिळाले. भारतात ही पद्धत रुजविण्यात स्वयंसेवी संस्थांचा मोठा वाटा होता. त्यांत गोव्यातील क्लॉड अल्वारिस यांच्या नावाशी निगडित असलेल्या 'ऑर्गॅनिक फार्मिंग असोसिएशन ऑफ इंडिया'चा उल्लेख करावा लागेल. पुढे कृषी मंत्रालयाने गाझियाबाद येथील राष्ट्रीय केंद्रामार्फत 'पीजीएस-इंडिया' हा सरकारी कार्यक्रम सुरू केला.

एकाच गावातील किंवा लगतच्या गावांतील किमान पाच शेतकरी मिळून गट करतात. प्रत्येकजण नियम पाळण्याची लेखी शपथ घेतो. गटाच्या नियमित बैठका होतात व त्यांची हजेरी ठेवली जाते. ठरलेल्या वेळी सभासद एकमेकांच्या शेतांची पाहणी करून लेखी अहवाल देतात. नंतर गट एकत्र बसून कोण पात्र व कोण अपात्र याचा निर्णय करतो आणि तो प्रादेशिक परिषदेकडे मंजुरीसाठी पाठवितो. संक्रमणकाळात असलेल्या शेतकऱ्यास 'पीजीएस-ग्रीन' आणि काळ पूर्ण केलेल्यास 'पीजीएस-ऑरगॅनिक' असा दर्जा मिळतो. म्हणजे पहिल्या वर्षांतही शेतकऱ्याजवळ दाखविण्यास काहीतरी असते.

आपल्याकडील जुन्या लोकांना ही पद्धत समजावून सांगावी लागणार नाही. पतपेढीतून कर्ज काढताना जामीनदार लागत, आणि जामीन राहणारा मनुष्य कर्जदाराच्या वागण्यावर आपोआप नजर ठेवी. १९१८ साली वसईत पतपेढीच्या रूपाने सुरू झालेली बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक याच परस्परविश्वासावर वाढली. पीजीएसमध्ये पैशाऐवजी शेताच्या शुद्धतेचा जामीन राहायचे आहे. एक सभासद लबाड निघाला, तर डाग संपूर्ण गटास लागतो.

या पद्धतीस खर्च अत्यल्प असतो. तिच्या मर्यादाही जाणून घ्याव्यात. हे प्रमाणपत्र देशांतर्गत विक्रीसाठीच आहे. निर्यातीसाठी ते चालत नाही. आणि जेथे शेजारधर्म शेजाऱ्याचा दोष झाकण्यात खर्ची पडतो, तेथे ही पद्धत कुचकामी ठरते. 'कशाला उगाच वाईटपणा घ्यायचा' हे वाक्य बैठकीत ऐकू आले, की त्या गटाच्या प्रमाणपत्राला अर्थ उरत नाही.

शासनाची मदतही येथे नमूद करतो. २०१५ साली सुरू झालेल्या परंपरागत कृषी विकास योजनेखाली शेतकऱ्यांच्या समूहांना पीजीएससाठी साहाय्य दिले जाते. योजनेच्या सुधारित रचनेत तीन वर्षांसाठी हेक्टरी ३१,५०० रुपये ठरविण्यात आले. त्यांपैकी १५,००० रुपये खते व अन्य निविष्ठांसाठी थेट शेतकऱ्याच्या खात्यात, आणि उरलेली रक्कम प्रशिक्षण, प्रमाणन व विक्री यांसाठी. चौकशी तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करावी.

आपल्या वाड्यांतील अडचणी

वसईसारख्या भागात शेतीचे तुकडे लहान आहेत. पाच-दहा गुंठ्यांची वाडी, तिच्या एका अंगाला दुसऱ्याची वाडी, दुसऱ्या अंगाला नवी इमारत, आणि पाणी विहिरीचे किंवा बावखलाचे. येथे मोकळी पट्टी सोडायची, तर लागवडीस उरते काय? अशा ठिकाणी एकट्याने प्रमाणपत्राच्या मागे लागण्यात अर्थ नाही. लागून असलेल्या वाड्यांच्या मालकांनी मिळून निर्णय घेतला, तर आतील बांधांवर पट्ट्या सोडण्याची निकड उरत नाही. सर्व वाड्यांच्या मिळून बाहेरील कडेला कुंपण पुरते. पाण्याचेही तसेच. ज्या बावखलात वरच्या वस्तीचे सांडपाणी उतरते, त्याच्या काठावरची वाडी कितीही निष्ठेने कसली, तरी प्रश्न शिल्लक राहतो. म्हणून गटाने पहिल्या बैठकीत आपल्या पाण्याचा उगम कोठे आहे आणि त्यात काय मिसळते, हे तपासावे, असे आम्ही सुचवितो.

दुसरी अडचण नोंदींची. आपले शेतकरी कष्टाळू आहेत, पण वही ठेवण्याचा त्यांना कंटाळा. प्रमाणनात मात्र ज्याची नोंद नाही, ते घडले नाही असेच धरतात. किती किलो शेणखत, कोणत्या तारखेस, कोणत्या वाफ्यात. किती काढणी झाली, कोणास विकली. ही वही रोज संध्याकाळी दहा मिनिटे मागते. घरातील शाळकरी मुलामुलींकडे हे काम सोपविले, तर ते नीट होते आणि त्यांनाही शेतीची गोडी लागते.

पदार्थ बनविणाऱ्यांसाठी

राजेळी केळी वाळवून केलेली सुकेळी, लोणची, मसाले, पापड हे पदार्थ विकणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कच्चा माल सेंद्रिय आहे म्हणून तयार पदार्थ आपोआप सेंद्रिय ठरत नाही. प्रक्रियेचेही प्रमाणन लागते. एनपीओपीनुसार पाणी व मीठ वगळून वजनाने किमान ९५ टक्के घटक सेंद्रिय असतील, तरच पदार्थास 'सेंद्रिय' म्हणता येते. हे प्रमाण ७० ते ९५ टक्के असेल, तर 'सेंद्रिय घटकांपासून बनविलेले' एवढेच लिहिता येते. ७० टक्क्यांहून कमी असेल, तर केवळ घटकांच्या यादीत त्या त्या घटकापुढे 'सेंद्रिय' असा उल्लेख करता येतो.

एक हिशेब करून पाहू. एका भगिनीने कैरीचे लोणचे घातले. मीठ सोडून १० किलो जिन्नस झाले. त्यांत कैरी ७ किलो, तेल २ किलो आणि मसाला १ किलो. कैरी आणि मसाला प्रमाणित सेंद्रिय आहे, पण तेल बाजारातील साधे आहे. सेंद्रिय भाग ८० टक्के भरला. तिला 'सेंद्रिय लोणचे' असे लिहिता येणार नाही. 'सेंद्रिय घटकांपासून बनविलेले' असे लिहिता येईल, तेही प्रक्रियेचे प्रमाणन झाले असेल तरच. तेल बदलले की सारे चित्र बदलते.

साठवणीतही काळजी लागते. धान्यास कीड लागू नये म्हणून ज्या विषारी गोळ्या ठेवतात, त्या सेंद्रिय मालाच्या कोठारात चालत नाहीत. साधा व सेंद्रिय माल एकाच गिरणीत दळायचा असेल, तर आधी गिरणी साफ करून त्याची नोंद ठेवावी लागते. याखेरीज अन्नव्यवसायास लागणारी एफएसएसएआयची नोंदणी अथवा परवाना हवाच. त्याचा १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. मात्र हा क्रमांक म्हणजे सेंद्रियतेचे प्रमाणपत्र नव्हे. पुष्कळ ग्राहकांची येथेच गल्लत होते आणि काही विक्रेते त्या गल्लतीचा लाभ उठवितात. अन्न सुरक्षा कायदा २००६ अन्वये चुकीचे लेबल लावल्यास तीन लाख रुपयांपर्यंत आणि फसवी जाहिरात केल्यास दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

प्रमाणपत्रावर किती विसंबावे?

ही व्यवस्था निर्दोष आहे, असा आमचा दावा नाही. २०२० साली युरोपात भारतीय तिळात इथिलीन ऑक्साइड या निर्जंतुक करणाऱ्या रसायनाचे अंश सापडले, आणि सेंद्रिय म्हणून गेलेला मालही त्यातून सुटला नाही. युरोपीय संघाने त्यानंतर भारतातील पाच प्रमाणन संस्थांची मान्यता काढून घेतली. १ जानेवारी २०२२ पासून तो निर्णय लागू झाला. अमेरिकेने तर जानेवारी २०२१ मध्ये अपेडाच्या देखरेखीस दिलेली मान्यताच संपविली. आता तेथे माल पाठवायचा, तर अमेरिकेने थेट मान्य केलेल्या संस्थेकडून तपासणी करून घ्यावी लागते. २०२० सालीच सेंद्रिय वस्त्रांच्या 'गॉट्स' या जागतिक मानकाच्या संस्थेने भारतातील बनावट व्यवहार प्रमाणपत्रांचे प्रकरण उघडकीस आणले. त्यात २०,००० टन कच्च्या कापसाचा प्रश्न होता. अशा घटनांची झळ कागद बनविणाऱ्यांपेक्षा ज्यांनी कधी खोटे केले नाही अशा शेतकऱ्यांना अधिक लागते, कारण बाजार संशय घेतो तेव्हा माणूस पाहून घेत नाही.

प्रमाणपत्राचा अर्थही नेमका समजून घ्यावा. ते पिकविण्याच्या पद्धतीविषयी असते. सेंद्रिय माल म्हणजे औषधाचा शून्य अंश, असे कायदाही म्हणत नाही. हवेतून, पाण्यातून, जुन्या मातीतून काही अंश येऊ शकतो हे मान्य करून नियमांनी सर्वसाधारण मर्यादेच्या ५ टक्के, किंवा प्रयोगशाळेस मोजता येणारी किमान पातळी, यांपैकी जे अधिक असेल तेथपर्यंत मुभा दिली आहे. तसेच 'नैसर्गिक', 'शुद्ध', 'गावरान', 'रसायनमुक्त' हे शब्द प्रमाणित सेंद्रियतेची जागा घेऊ शकत नाहीत. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये नैसर्गिक शेतीचे राष्ट्रीय अभियान मंजूर केले आहे. तो उपक्रम वेगळा आहे.

आणि प्रमाणपत्र म्हणजे गिऱ्हाईक नव्हे. सिक्कीम राज्याने २००३ साली संकल्प केला आणि जानेवारी २०१६ मध्ये ते देशातील पहिले संपूर्ण सेंद्रिय राज्य म्हणून घोषित झाले. सुमारे ७५,००० हेक्टर जमीन प्रमाणित झाली. एवढे मोठे कार्य होऊनही शेतकऱ्याच्या मालास योग्य भाव मिळवून देण्याचा प्रश्न तेथे स्वतंत्रपणे सोडवावा लागला. आपल्या गटांनी यावरून धडा घ्यावा. माल कोण घेणार हे ठरवून मगच नोंदणीस लागावे.

ग्राहकांनी काय करावे?

पाकीटबंद माल घेताना 'जैविक भारत'चे चिन्ह पाहावे. त्यासोबत 'इंडिया ऑरगॅनिक' किंवा 'पीजीएस-इंडिया' यांपैकी एक चिन्ह आणि प्रमाणपत्राचा अथवा गटाचा क्रमांक आहे काय, हे तपासावे. नुसते हिरवे पान छापलेले असेल, तर त्यास काही किंमत नाही. सुटा माल विकणाऱ्यास प्रमाणपत्राची प्रत मागावी आणि त्यावरील पीक व तारीख वाचावी. तांदळाच्या प्रमाणपत्रावर मध विकला जातो. जुन्या, मुदत संपलेल्या कागदावरही विक्री चालते.

ओळखीच्या शेतकऱ्याकडून थेट घेत असाल, तर कागदाचा आग्रह धरण्याची गरज नाही. मात्र एकदा त्याच्या वाडीवर जावे. खत कोणते घालतोस, मावा पडला की काय करतोस, पाणी कोठून घेतोस, एवढे तीन प्रश्न विचारावेत. खरा शेतकरी या प्रश्नांनी रागावत नाही. उलट कोणीतरी विचारले याचा त्यास आनंद होतो. संक्रमणकाळातील शेतकऱ्याचा माल मिळत असेल, तर तो आवर्जून घ्यावा आणि जमल्यास चार पैसे अधिक द्यावेत. त्या दोन-तीन वर्षांत त्यास कायदा काही देऊ शकत नाही, बाजार देत नाही. देऊ शकतो तो केवळ शेजारचा ग्राहक.

आमच्या धर्मग्रामांतील कृषी मंडळे, बचत गट आणि तरुण मंडळे यांनी मनात आणले, तर पीजीएसचा एक गट उभा करण्यास केवळ पाच शेतकऱ्यांची आवश्यकता आहे. लगतच्या वाड्यांचे पाच मालक शोधावेत, तालुका कृषी कार्यालयातून नियमांची मराठी माहिती मिळवावी, पाण्याची पाहणी करावी, आणि पावसाळ्यापूर्वी वही सुरू करावी. आठव्या आज्ञेत खोटी साक्ष देऊ नकोस, असे आपण लहानपणी पाठ केले आहे. बाजारातील मालावर चिकटविलेला 'सेंद्रिय' हा शब्दही एक साक्षच आहे. विकणाऱ्याने तो लिहिताना आणि शेजाऱ्याने त्याच्या शेताविषयी अहवालावर सही करताना याचे भान ठेवावे.